टोल घालवणारं गाव आणि डॉल्बीचा नियम

गणपतीच्या तोंडावर आमच्या पेठेच्या कट्ट्यावर दरवर्षी जो वाद होतो, तो यंदाही झाला. पोलिसांनी मंडळांची बैठक घेऊन डॉल्बीच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरांच्या, आवाजाच्या मर्यादेचा कागद वाटला होता. तो घडी करून खिशात कोंबत मंडळाचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "टोल घालवल्यालं कोल्हापूर हाय हे. आम्हाला नियम शिकवतोय व्हय?" शहराच्या वेशीवरचा टोल आंदोलन करून रद्द करायला लावला, त्याचा हा अभिमान. कट्टा हसला. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले निवृत्त मास्तर उसळले. "कायदा म्हणजे कायदा. आज आवाजाचा मोडाल, उद्या आणखी कसला मोडाल. मोडणारा तो गुन्हेगार, बाकीची सगळी सारवासारव." मग अर्धा तास एका बाजूनं शाहू महाराज आणि दुसऱ्या बाजूनं सिंगापूर असा सामना रंगला. चहा तीनदा आला, मुद्दा एकदाही आला नाही.

मला दोघांचंही पटलं नाही. गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. कायदा मोडणं ही दोघांनाही एकच कृती वाटते. एकाला ती मर्दुमकी वाटते, दुसऱ्याला पाप. माझ्या मते नुसतं 'कायदा मोडला' एवढं सांगितल्यानं काहीच कळत नाही. दोन गोष्टी विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. मोडणाऱ्याला तो नियम सगळ्यांसाठीच जायला हवा आहे, की फक्त आपल्यापुरती सूट हवी आहे? आणि मोडल्याची किंमत तो स्वतः मोजणार आहे, की भलत्याच कुणाच्या तरी खिशातून ती जाणार आहे?

मराठी माणूस बोलताना हा भेद रोज करतो, वाद घालायला बसला की मात्र विसरतो. आपण करार मोडतो, शब्द फिरवतो, कर चुकवतो, रांगेत घुसतो, आदेश धाब्यावर बसवतो, कायद्यातून पळवाट काढतो. चोरानं चोरीचा कायदा मोडला असं कुणी म्हणत नाही. त्यानं चोरी केली म्हणतो. आणि १९३० साली खेड्यापाड्यांत पोचलेला जो शब्द आहे, कायदेभंग, त्याच्यामागे 'सविनय' लावल्याशिवाय आपल्याला तो पुरा वाटत नाही. एवढी क्रियापदं भाषेनं उगाच जमवली असतील का?

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. आपल्याकडचा रोजचा दाखला घ्या. गळीत हंगामाच्या आधी ट्रॅक्टरवाला ऊसतोडीची टोळी आणणाऱ्या मराठवाड्यातल्या मुकादमाला लाखांत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. स्टॅम्पपेपर होतो, सह्या होतात. टोळी आली तर हंगाम, नाही आली तर दारात कर्जाचा ट्रॅक्टर उभा. तो पोलीस ठाण्यात जातो आणि तिथं बऱ्याचदा ऐकतो, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." त्याचा संताप मला समजतो. पण त्या उत्तरामागं एक विचार आहे. १८७२ चा करार कायदा करार मोडणाऱ्याला गुन्हेगार म्हणत नाही, भरपाई दे म्हणतो. पैसे घेतानाच बुडवायचा हेतू असेल तरच ती फसवणूक, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. टोळीच ऐनवेळी फुटली म्हणून हतबल झालेला मुकादम आणि एकच टोळी चौघांना दाखवून चौघांची उचल खाणारा मुकादम, दोघांनीही करार मोडला. ट्रॅक्टर दोन्हीकडे उभाच राहिला. तरीही ही दोन वेगळी कृत्यं आहेत, हे ट्रॅक्टरवालाही शांत झाल्यावर कबूल करतो. मास्तरांच्या 'कायदा म्हणजे कायदा'त हा फरक बसत नाही. (प्रत्यक्षात खऱ्या ठगालाही पुष्कळदा 'दिवाणी आहे' या वाक्याचा आडोसा मिळतो, ही वेगळी तक्रार आहे आणि ती खरी आहे.)

आता पहिली कसोटी लावून बघू. आमच्या पेठेच्या तोंडाशी दुभाजक आहे. वळसा वाचवायला सकाळी दुचाकीवाले उलट्या बाजूनं घुसतात. त्या गड्याला डावीकडून चालायचा नियम नकोय का? छे! त्याला तो नियम अगदी काटेकोर हवा आहे. समोरून येणारा प्रत्येक जण तो पाळतोय, म्हणून तर हा जिवंत पलीकडं पोचतो. त्या मिनिटाला सगळ्यांनीच नियम सोडला, तर सगळ्यात आधी हाच सापडेल. म्हणजे तो नियमाविरुद्ध उभा नाही, नियमाच्या खांद्यावर बसलाय. करचुकव्याचं तेच. रस्ता त्याला हवा असतो, पैसे इतरांनी भरलेले चालतात. फुकट्या प्रवाशाला रेल्वे बंद व्हायला नको असते. याला बंड म्हणायचं असेल तर गोचिडालाही बैलाविरुद्धचा बंडखोर म्हणावं लागेल.

टोलचं तसं नव्हतं. 'देणार नाही, टोल देणार नाही' म्हणणाऱ्यांना आपल्या एकट्याच्या गाडीला पास नको होता. नाकाच सर्वांसाठी जायला हवा होता. उलट्या बाजूनं घुसणारा आणि टोल न भरणारा दोघेही कागदोपत्री नियमभंग करणारेच, पण एकाला अपवाद हवा आणि दुसऱ्याला वेगळा नियम. कट्ट्यावरच्या कार्यकर्त्यानं टोलची पुण्याई डॉल्बीच्या खात्यावर वळवली, ती नेमकी इथं अडकते.

शाहू महाराजांच्या नावाचंही तसंच. 'शाहूंची भूमी' म्हणजे नियम झुगारणाऱ्यांची भूमी, असा एक समज आपण लाडानं पोसलाय. पण महाराज नियम झुगारणारे नव्हते, करणारे होते, आणि चांगले कडक करणारे. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. १९१८ साली महार-मांगांची हजेरी बंद केली, १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. त्यांनी मोडली ती रूढी, आणि मोडायचं हत्यार म्हणून कायदा वापरला. गंगाराम कांबळ्यांना सोवळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला मदत केली आणि येता-जाता तिथं थांबून स्वतः चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. त्या चहात कोणता कायदा मोडला? एकही नाही. मोडली ती फक्त गावाची 'रीत'.

हा घोटाळा आपल्याकडं जुना आहे. रूढी मोडणाऱ्याला कायदा मोडणारा ठरवायचं आणि रूढीसाठी कायदा मोडणाऱ्याला रक्षक म्हणायचं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. आपण त्याला नियमभंग समजतो. वस्तुतः सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता आणि महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं होतं. म्हणजे त्या दिवशी नियमानं वागणारे कोण होते आणि लाठ्या घेऊन नियम मोडणारे कोण? लांब कशाला जायचं, आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात काय झालं? १९५६ चा मंदिर प्रवेशाचा कायदा वाट अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं त्याच कायद्याकडं बोट दाखवून महिलांचा प्रवेशाचा हक्क सांगितला. तरीही गाभाऱ्यात जाणाऱ्या बाईला धक्काबुक्की झाली आणि 'नियम मोडायला आली' हा ठपका तिच्यावरच आला. साठ वर्षं कायदा पुस्तकात होता. तो पाळायला गेलेली बाई आगाऊ ठरली.

इथं मास्तरांचा सर्वांत वजनदार मुद्दा पुढं ठेवला पाहिजे, कारण त्यांनी तो नीट मांडला नाही. कुठला कायदा न्याय्य नि कुठला नाही हे जर ज्यानं त्यानं ठरवायचं, तर उद्या शेजारीही ठरवेल, आणि त्याचा न्याय माझ्या घरावर धोंडा मारायचा असेल. हा मुद्दा खुद्द बाबासाहेबांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं, की सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहसुद्धा सोडून दिले पाहिजेत. ते अराजकाचं व्याकरण आहे. सत्याग्रह केलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. त्याला सहज बाजूला सारता येत नाही, आणि मी सारणारही नाही.

पण हेच बाबासाहेब डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला होते, ती गोष्ट मला जास्त शिकवते. या वेळी सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसं तळ्यावर जायला तयार होती, तुरुंगाचीही तयारी होती. बाबासाहेबांनी थांबायचं ठरवलं. मनुस्मृती जाळली, तळ्याकडं मात्र पाणी प्यायला गेले नाहीत आणि कोर्टात भांडले. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल त्यांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं! ज्या माणसाला पाण्यासाठी दहा वर्षं थांबावं लागलं, त्यानं 'सनदशीर मार्गानं जा' म्हणणं आणि सहा महिन्यांत नळ जोडून मिळणाऱ्या माणसानं ते म्हणणं यात फरक आहे. बाबासाहेबांच्या वाक्यात एक अट आहे: मार्ग खुले असताना. दार नुसतं असून भागत नाही, ते उघडत असावं लागतं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं म्हणून सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकं मागणी करत होते. वकिलांना संपाचा हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालय सांगत असताना त्यांनी कामकाजावर बहिष्कारही टाकले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. कायदा शिकलेल्यांनाच कायद्याचं दार जवळ आणायला शिस्त मोडावी लागली, हे मास्तरांना कसं सांगावं? मात्र त्या बहिष्कारात ज्या पक्षकारांच्या तारखा पुढं गेल्या, त्यांचं काय, हे वकिलांनाही कुणीतरी विचारायला हवं होतं.

तिथंच दुसरी कसोटी येते. किंमत कोण मोजतो? १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा द्या म्हणाले. सहा वर्षं मिळाली. शिक्षा मागणारा माणूस कायद्याला पाडत नाही, उलट त्याला साक्षीला बोलावतो. 'सविनय' म्हणजे नम्र आवाजात बोलणं असं आपण समजतो. त्याचा खरा अर्थ एवढाच की मी माझं नाव सांगून मोडतोय, पळणार नाही, आणि याचं बिल शेजाऱ्याच्या दारात ठेवणार नाही.

या कसोटीवर टोलचं आंदोलनही घासून बघावं लागतं आणि ते पूर्ण उजळ निघत नाही. मी त्या मोर्च्यांत होतो, म्हणून हे लिहायला थोडं जड जातं. शहरातल्या रस्त्यांचा दोनशे वीस कोटींचा प्रकल्प, त्यापोटी शहराच्या वेशीवर नऊ नाके आणि तीस वर्षं टोल. गावात यायलाच पैसे, हे लोकांच्या गळी उतरलं नाही. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा माणूस त्या वयात रस्त्यावर उतरला, बायाबापड्या उतरल्या, कार्यकर्त्यांवर गुन्हे नोंदले गेले, ते कोर्टाच्या तारखांना जात राहिले. वर्षानुवर्षं. हा भाग दोन्ही कसोट्यांना उतरतो: मागणी सर्वांसाठी आणि केस स्वतःच्या नावावर. मग जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. त्या दिवशी गावाला आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण पेटवणाऱ्यांतल्या कितींनी आपलं नाव सांगितलं? नाक्यावर पावती फाडणारी पोरं आसपासच्या गावांतलीच होती, आठ-दहा हजारांवर राबणारी. त्यांच्यापुरतं ते आंदोलन नव्हतं, दगड होता. आणि २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द केला, तेव्हा रस्ते करणाऱ्या कंपनीशी केलेला करार हवेत विरला नाही. कंपनीला भरपाईपोटी शेकडो कोटी द्यायचं ठरलं, सरकारी तिजोरीतून. ते पैसे गडचिरोलीच्या माणसाचेही आहेत. तरीही टोल गेला हे योग्यच झालं असं मी म्हणेन, कारण लोकांना न विचारता केलेल्या कराराची किंमत करार करणाऱ्या सरकारनं मोजणं यात एक न्याय आहे. पण 'आम्ही टोल फुकटात घालवला' ही फुशारकी मात्र खरी नाही.

आता कार्यकर्त्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा, जो त्यानं शेवटी तणतणत काढला: "आधी वरच्यांना पाळायला लावा की!" याला माझ्याकडं झटकून टाकण्याजोगं उत्तर नाही. ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो आदेश मोडल्याबद्दल कुठल्या कारखान्याच्या अध्यक्षाला कुणी गाडीतून उतरवून पावती फाडताना पाहिलंय? हेल्मेट नसलेल्या पोराची फाटते. उलट २०२२ मध्ये सरकारनंच एफआरपीचे दोन तुकडे करायचा निर्णय काढला आणि तो रद्द करायला शेतकऱ्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जमिनीचं बघा. पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, लाल रेषेपर्यंत जपून करायचं, हा नियम आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी आहे त्रेचाळीस. पाण्यानं रेषा कुठं आहेत ते स्वतः येऊन दाखवलं. भराव तरी थांबले का? ज्यानं भराव टाकला त्याचा प्लॉट उंच राहिला आणि त्याच्या वाटचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं. दंडही त्या गल्लीनंच भरला म्हणायचा.

गुंठेवारीची गोष्ट मात्र मी याच दावणीला बांधणार नाही. तिथं गुंठा-दीड गुंठा घेणारा बहुतेक वेळा एमआयडीसीत राबणारा, शहरात परवडेल असं कायदेशीर घर त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. २००१ चा कायदा करून सरकारनं ते गुंठे नियमित केले, २०२१ मध्ये मुदत आणखी वाढवली. कायदा पैसे घेऊन मागाहून माफी देतो, हे मास्तरांना पटत नाही. मला ते टोचतं ते वेगळ्या कारणानं. गुंठा घेणाऱ्यानं शुल्क भरलं, पण ज्यानं शेताचे तुकडे पाडून, रस्ता-गटार न ठेवता विकले, तो कधीच नामानिराळा झालेला असतो. मोडला दोघांनी, पावती एकाच्याच नावावर.

तर हो, वरचे मोडतात, उघड मोडतात, आणि त्यामुळं खालच्याच्या नियम पाळण्यातली गोडी जाते. हा राग रास्त आहे. पण रागाचं पुढं काय करायचं? ऊसदराच्या आंदोलनात कारखान्याची वाट अडवणं मला समजतं. उसाच्या ट्रॅक्टरच्या टायरची हवा सोडली जाते, तेव्हा मात्र फटका बसतो तो त्या उचल देऊन बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याला. अध्यक्षांच्या गाडीच्या टायरला काही होत नाही. 'वरचे मोडतात' हे वाक्य वरच्याला जाब विचारायला पुरतं, शेजाऱ्याच्या खिशात हात घालायला पुरत नाही.

डॉल्बीचंच घ्या. २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद म्हणतात. वर्षात पंधरा दिवस राज्याला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. राहत्या भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. मंडळांना हा नियम जाचक वाटत असेल तर तो बदला म्हणून भांडायला कुणाची ना नाही. अधिक दिवस मागा, मर्यादा वाढवून मागा, दसरा चौकात उपोषणाला बसा. मीही ऐकायला येईन. पण मंडळाला तसं काही नकोच असतं. त्याच कार्यकर्त्याची आई दवाखान्यात होती, तेव्हा समोरून वरात चालली म्हणून हाच गडी रस्त्यात उतरून बाजेवाल्याशी भांडला होता. त्याला शांततेचा नियम हवा आहे. मिरवणुकीपुरता, आपल्या मंडळापुरता नको आहे. आणि भिंती हादरतात त्या भाड्यानं राहणाऱ्या बाळंतिणीच्या खोलीच्या, जिनं ना वर्गणी ठरवली, ना डॉल्बी.

हे सगळं मी कट्ट्यावर एवढं नीट बोललो नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "टोलच्या वेळी तुझ्यावर केस होती का रे?"

"होती की. तारखांना जात होतो. नाव सांगूनच गेल्तो."

"आणि यंदा मिरवणुकीच्या परवानगीवर नाव कुणाचं?"

तो जरा थांबला. कप खाली ठेवला. म्हणाला, "ते अजून ठरलं नाही. अध्यक्षावर गुन्हा पडतो ना. पोलीस भरतीला बसलेली पोरं सोडून कुणाला तरी बघाय पाहिजे."